जवायाच्या मापाची गाडी

माह्या माहेरच्या लोकाइले अक्कल नाही असं मी म्हननार नाही. अक्कल हाय. पन जवाई दारात आला का ते तिले खुंटीले टांगतात, आन तो गेल्यावर मंग खाली काढतात. आता तुमी म्हनान, काय बाई हाय, सोताच्या माहेरले नावं ठेवते! ठेवतो ना. काऊन का तो जवाई म्हनजे माहाच नवरा, आन त्याच्या पायापायी घरात जे झालं ते मी माह्या डोळ्यानं पाह्यलं.

नवऱ्याचं नाव जीवन. मंचेरियलले कोळशाच्या खदानीत सुपरवायझर हाय. उंची इतकी का आमच्या लग्नात मले पाटावर उभं केलं, तरी हार घालाले त्यालेच वाकाव लागलं. मानूस वाईट नाही, पन बोलाच्या बाबतीत भल्ला कंजूस. काही इचारलं का "हूं". नाही इचारलं तं ते बी नाही. अशा मानसाच्या मनात काय हाय हे बायकोले कळत नाही तं सासूले काय कळनार हाय डोंबल!

आन माहे बाबा, नागोराव, बुटके. मी बी त्याइच्यावरच गेली. त्याइची चप्पल घालून मी वावरात जात होती, इतकं आमचं माप एक. बाबापाशी एक जुनी गाडी हाय, काळी, गोल पाठीची, लोक तिले डुक्कर फियाट म्हनतात. आदिलाबादच्या एका जिनिंगच्या मालकाकडून घेतली तवा मी पाळन्यात होती म्हनतात. तिचं गियर स्टेअरिंगच्या दांडीले हाय, आन समोरचं सीट म्हनजे अख्खं एक बाकडं. आत जागा इतकीशी का उंच मानसाचे गुडघे आधी बसतात, मानूस मंग बसते. पन बाबाले ती गाडी जुन्या चपलीसारखी बसे. बाजाराच्या दिवशी धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, आन बाबा गुडीहत्नूरले निघाले का रस्त्यावरच्या म्हाताऱ्या हात दाखवत. एकीले बी नाही म्हनत नसत. आठवडाभर वावरात मान खाली घालून राबनारा मानूस, त्या एका दिवशी स्टेअरिंग धरलं का त्याची मान वर होई.

मले गाडी बाबानंच शिकवली. ज्वारी निघाल्यावर वावर मोकळं झालं का आमी तठी चकरा मारत होतो. पोरगी गाडी चालवते म्हनून लोकाइनं नाकं मुरडली. तवा बाबा म्हनले होते, "गाडीले का ठाव, कोन चालवून राह्यलं?" हे वाक्य ध्यानात ठेवा, काऊन का हेच बाबा पुढं काय करून बसले ते सांगतो.

माह्या भावाचं, वैभवचं, लगन जमलं. दिवाळीले आमी दोघं माहेरी होतो. बाबाचे मोठे चुलतभाऊ उद्धवराव काका वट्यावर येऊन बसले. या मानसापाशी रितीभाती लय आन कामधंदा कमी. ते म्हनले, "आता नवरदेवाची गाडी जीवनराव हाकनार." आमच्या घरान्याची रीत अशी का नवरदेवाची गाडी घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत, आन तठून मांडवापर्यंत, घरच्या जवायानं हाकाची. हाकून झालं का त्याले शेला-पागोटं. बैलाची दमनी होती तवापासूनचं हे चालू हाय. बैल गेले, दमनी गेली, मांडवाच्या जागी फंक्शन हॉल आले, पन रीत काही गेली नाही.

मंग जीवनले बाबाच्या गाडीत बसवून पाह्यलं. मी आत करंज्या तळून राह्यली होती. खिडकीतून येवढंच दिसलं का हा मानूस आधी डोकं घालून पाहते, मंग पाय घालून पाहते, आन शेवटी स्टेअरिंगच्या दोन बाजूले दोन गुडघे वर काढून बसला. माय जवळ गेली, त्याच्यासंगं काही बोलली, आन आत आली तवा तिचं तोंड उतरलं होतं.

"जवायाचे पाय मावत नाहीत वं, दीपमाला."

"नाही मावत तं नाही मावत," मी म्हनलं. "मी चालवतो."

मायनं माह्याकडं असं पाह्यलं जशी मी चपला घालून देवळात शिरली. "जवाई असताना पोरगी गाडी चालवनार? लोक थुकतीन तोंडावर."

माह्या मायचं नाव बयनाबाई. तिच्या तोंडात दिवसातून जितक्या डाव "लोक" येतात तितक्या डाव देवाचं नाव बी येत नाही.

मले वाटलं गोठ तठीच संपली. लग्नाच्या काही दिवस आधी मी एकटीच माहेरी आली, जीवन मांगून येनार होता. त्याचा लग्नात घालाचा नवा पँट मी संगं आनला होता, आमच्या गावच्या शिंप्याकडून खालून लांबी सोडवून घ्याले. तर दुसऱ्या दिवशी पाहतो तं बॅगेत पँट नाही. शोधत शोधत कापसाच्या खोलीत गेली. तठी माय आन वैभव बसले होते, मधात पँट होता, आन दोघं जनं त्यात कापूस ठासून राह्यले होते.

"हे काय करून राह्यले बाप्पा तुमी?"

"पाय करून राह्यलो," वैभव म्हनला. त्याले सोताले हासू येत होतं, पन मायपुढं हासाची सोय नव्हती. "भाऊजीचे."

मायनं समजावून सांगतलं. गाडीचं सीट मांगं घ्याचं ठरलं होतं. किती मांगं घ्याचं ते कळाले जवायाच्या पायाचं माप पायजे. जवायाले माप कसं मांगाव? "जित्या मानसाचं माप काढतात काय? ते तं मेल्यावर तिरडीसाठी काढतात!" मंग पँटमंधी कापूस भरला, का झालं माप. इतका कापूस भाव वाढाची वाट पाहत पडला होता, तो असा कामी आला. मी कपाळाले हात लावला.

"मायबाई, तुमाले माही आन लागली. येवढ्यासाठी बाबाची गाडी कापता?"

"कापत नाही. सुदरवून राह्यलो."

मी जीवनले फोन लावला. म्हनलं, "तुमाले काय गाडीत सोफा पायजे काय जी? माह्या बापाची गाडी मोडाले निघाले हे लोक तुमच्यापायी!" तो म्हनला, "काय?" मांगून भोंगा वाजून राह्यला होता. "ठेव, ड्युटीवर जाऊन राह्यलो." खदानीत गेला का त्याले फोन लागत नाही, आन वर आला का झोप लागते. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्याले जितक्या शिव्या देल्ल्या तितक्या कोन्या बायकोनं नवऱ्याले देल्ल्या नसतीन.

दुसऱ्या दिवशी बाबा, वैभव आन मी मावल्याले मिस्त्रीकडं गेलो. मांगच्या सीटवर माह्या बाजूले माह्या नवऱ्याचा कमरेखालचा भाग बसला होता. खरं सांगतो, इतका गुमान तो कधीच बसत नाही. मिस्त्रीच्या दुकानात तो पँट उचलून समोर ठेवला, कंबर मांगं टेकवली, कापसाचे पाय पुढं सोडले. बाजूच्या पंक्चरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सारे पाहाले आले. मिस्त्रीनं बाबाले तेलुगूत इचारलं का हे कोनासाठी. बाबा म्हनले, "अल्लुडु." म्हनजे जवाई. झालं! मिस्त्रीचे डोळे असे भरून आले जसा देवच येनार हाय त्याच्या दुकानात. "अल्लुडुगारू के लिए? फिर तो पक्का करेंगे साब."

त्यानं समोरचं बाकडं मधोमध कापलं. बायकाइच्या बाजूचं, म्हनजे डाव्या बाजूचं अर्धं, जिथल्या तिथं ठेवलं. ड्रायव्हरच्या बाजूचं अर्धं पटरीवरून काढून मांगं नेलं, मांड्या स्टेअरिंगले लागू नये म्हनून खाली बी घेतलं. मी म्हनलं, "मिस्त्री, पटरीवरच बसवा ना, मांगंपुढं करता येईल." तो म्हनला, पटरी गंजली, खडखड करंल. मी बाबाकडं पाह्यलं. आता तरी बोलतीन.

बाबा म्हनले, "खडखड नको. वेल्डिंग मारून टाका."

"बाबा, मंग तुमचे पाय?"

"माह्या पायाचं काय घेऊन बसली? लगन तं होऊ दे."

"लगन एक दिवसाचं. गाडी तुमची रोजची."

"जवायाच्या मानापुढं गाडी मोठी हाय काय?" असं म्हनले, आन ठिनग्या उडाले लागल्या तवा तोंड फिरवून रस्त्याकडं पाहत उभे राह्यले. मले चीड आली. गाडीले ठाव नसते म्हननाऱ्या मानसाले आता कोन चालवनार याचं काऊन इतकं पडलं होतं?

येताना गाडी वैभवनं चालवली. तो बी फार उंच नाही, पार पुढं सरकून, सीटच्या काठावर बसून. बाबा डाव्या बाजूले बसले. मी जन्मात पह्यल्यांदा त्याइले त्या बाजूले पाह्यलं. रस्ताभर त्याइचा उजवा पाय आपोआप दाबून राह्यला होता, पन तठी दाबाले काही नव्हतं. मले भडभडून आलं, आन त्याच्यापेक्षा जास्त राग आला.

आन मांगं माही गत काय? ड्रायव्हरच्या मांगची जागाच गेली होती. माहे गुडघे हनुवटीले. जवायाचे पाय सुटले आन बायकोचे अडकले. पन इथं बायकोचं माप कोनी काढलं होतं?

लग्नाच्या दिवशी जीवन सकाळच्या बसनं आला. कापूस काढून, झटकून, इस्त्री करून ठेवलेला पँट त्यानं घातला. दिवसभर तो मांडी खाजवत होता, त्याले मी काही सांगतलं नाही. मंग त्याले वाजतगाजत गाडीपाशी नेलं. बसला. पाय लांब केले. सारे त्याच्या पायाकडं पाहून राह्यले होते, तोंडाकडं कोनीच नाही.

"बराबर हाय ना, जवाई?" मायनं इचारलं.

"हूं."

माय इतकी खूश झाली का तिनं लागलीच त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. नवरदेव राह्यला बाजूले.

बाबा डाव्या बाजूले बसले, मांगं मी, मधात नवरदेव, पलीकडं माय. बँड पुढं. जीवननं गाडी काढली आन पह्यल्या गियरवरच देवळापर्यंत नेली. दांडीचं गियर त्यानं कधी हातात धरलं नव्हतं, दुसरा टाकाची त्याची हिंमत होईना. इंजिन असं बोंबलत होतं का बँडवाल्याइनं वाजवनं सोडून मांगं पाह्यलं. उद्धवराव काका पुढं नाचत होते, ते म्हनले, "वा! काय दमदार हाकते!" नाचता येईना आंगन वाकडं म्हनतात, पन जवाई असला का आंगनालेच झाडून काढतात.

मारुतीपाशी जीवन उतरला, वैभवले घेऊन आत गेला. तितक्यात मांगून पान्याचं टँकर आलं, स्वयंपाकाचं. गाडी रस्त्यात आडवी. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला. "गाडी बाजूले घ्या जी!" कोनीतरी म्हनलं. आन बाबा सवयीनं उठले. गाडीले वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूले गेले. मी "बाबा, थांबा" म्हनत होती, पन बँडात कोनाले ऐकू जाते!

ते बसले. पाठ टेकवली तं पाय हवेत. पाय टेकवाले खाली सरकले तं डोकं स्टेअरिंगच्या खाली. बाहेरून फेट्याचा तुरा तेवढा दिसे. किल्ली फिरवली, क्लच अंगठ्यानं कसाबसा दाबला आन तो सुटला. गाडीनं गचका देल्ला, पुढं उडी मारली आन देवळाच्या पायरीले टेकून बंद पडली.

सारी वरात हासली. बँडवाले हासले, टँकरवाला हासला. उद्धवराव काका ओरडून म्हनले, "नागोराव, लहान झाला काय गा तू?" आन आनखी हासले. त्याच गाडीत बसून ज्या म्हाताऱ्या दर बाजाराले गेल्या, त्या बी तोंडाले पदर लावून हासून राह्यल्या होत्या.

मी दार उघडलं, बाबाचा हात धरून त्याइले बाहेर काढलं. ते कोनाकडं पाहेनात. खाली पाहत म्हनले, "चप्पल घसरली."

चप्पल घसरली नव्हती. मले ठाव होतं, त्याइले ठाव होतं. मी म्हनलं, "हो बाबा, घसरली," आन सोता जाऊन बसली. मले वाटलं निदान मी तरी बाजूले घेतो. पन मी त्याइच्याच मापाची. माहा बी अंगठाच लागला. ज्या गाडीत मी घाम गाळून शिकली तिनं मले ओळखलंच नाही. मी उतरली. लोकाइले आनखी हासाले कशाले देऊ?

पायरीले टेकलेली गाडी मांगं घ्याले रिव्हर्स पायजे, आन जीवनले तं दुसरा गियर बी टाकता येत नव्हता. शेवटी नवरदेवानं सोता गाडी हाकली. डोक्याले बाशिंग, गळ्यात हार, आन सीटच्या काठावर अर्धं बूड. मुंडावळ्या डोळ्यावर येत, तो एका हातानं बाजूले करे आन दुसऱ्या हातानं गियर टाके. आन जवाईबापू कुठं? डाव्या बाजूले. जे अर्धं बाकडं मिस्त्रीनं जिथल्या तिथं ठेवलं होतं त्याच्यावर. गुडघे डॅशबोर्डले लागलेले, मान छताले. ज्या मानसाच्या पायासाठी गाडी कापली तो पाय दुमडून बसला होता, आन त्याच्यासाठी केलेल्या जागेत कोनाचेच पाय नव्हते. मांगं मी, बाबा आन माय. बाबा काचेबाहेर पाहत होते.

माह्याच्यानं राहवलं नाही. म्हनलं, "झालं समाधान? माह्या बापाचं हसं केलं तुमी. पाय मावत नाहीत, पाय मावत नाहीत! इतके लाडाचे पाय असतीन तं घरी ठेवून याचं होतं."

जीवननं मान वळवता येईल तितकी वळवली. "मी काय केलं?"

"तुमीच नाही सांगतलं दिवाळीत मायले?"

"मी सांगतलं का पाय मावत नाहीत, मी चालवत नाही. मले हे गियर बी येत नाही. दीपमाला चालवंल, तिले येते. तीन डाव म्हनलो. मामीजीले इचार."

मी मायकडं पाह्यलं. बँड वाजून राह्यला होता, वैभव गियर शोधून राह्यला होता, आन माय पदर सावरत अशी बसली होती जसं काही झालंच नाही.

"माय, हे म्हनले होते असं?"

"म्हनले असतीन," माय म्हनली. "जवाई नको म्हनते तं खरंच नको असते काय? पुरनपोळी वाढताना नको म्हनत नाहीत काय? आमी थांबतो काय मंग? त्याइनं नको म्हनाव, आपन वाढाव. हीच तं रीत हाय."

मी बाबाले इचारलं, "तुमाले ठाव होतं?" त्याइनं काचेकडं तोंड फिरवलं. म्हनजे ठाव होतं.

राग आला तो मायचा आन बाबाचा. मंग निघाला तवा नवऱ्यावरच निघाला. "तुमी नको म्हनले होते तं सकाळी बसले काऊन? 'हूं' काऊन म्हनले?"

"तुह्या मायनं हात जोडले सगळ्याइपुढं," जीवन म्हनला. "मी काय करू?"

घ्या! एकानं नको म्हनाचं आन बसाचं. दुसरीनं ऐकाचं आन वाढाचं. तिसऱ्यानं गाडी कापून द्याची. तिघं बी आपापल्या जागी शहाने, आन सारे मिळून येडे.

लगन लागलं, लोक जेवून गेले. जीवन ड्युटीवर परत गेला, मी पाहुन्याइची पाठवनी, मांडव, पूजा सारं उरकेपर्यंत राह्यली. गाडी आंगनात उभी. मी बाबाले म्हनलं, मांगं एक लोड लावा, खाली उशी घ्या, चालवून तं पाहा. ते म्हनले, "मी का लहान पोट्टा हाय, उश्या लावून बसाले?" देवळापाशी लोक हासले ते त्याइच्या कानातून जात नव्हतं. पन रोज सकाळी गाडी पुसत. बाहेरून. आतलं ते सीट काही पुसत नसत. कोनी पाहुना आला का मात्र माय त्याले गाडीपाशी नेई, दार उघडून दाखवे. "जवायाच्या मापाचं करून घेतलं." आन पाहुने मान डोलवत. धन्य ते पाहुने!

जीवन मले न्याले आला तो नेमका बाजाराचा दिवस होता. तो बसमधून उतरला तसं मी त्याले गावाबाहेरच गाठलं. म्हनलं, "आज तुमी सोता बाबाले सांगा. 'हूं' म्हनाचं नाही. पूर्रं वाक्य म्हनाचं. सीट पहिल्यासारखं करून घ्या म्हना. तुमच्याशिवाय हे दुसऱ्या कोनी म्हनलं तं जवायाचा अपमान होते." तो म्हनला, "हूं." मी डोळे वटारले. मंग म्हनला, "सांगतो."

आन सांगतलं बी. खोटं कशाले बोलू? जेवाले बसलो, माय वाढून राह्यली होती, वैभव आन त्याची बायको बाजूले. जीवननं घास खाली ठेवला. म्हनला, "मामाजी, एक सांगाचं होतं. ते गाडीचं सीट होतं तसं करून घ्या. मले त्याचं काही काम नाही. मले ते चालवता बी येत नाही. गाडी तुमची हाय, तुमी चालवत जा."

लग्न झाल्यापासून इतकं लांब तो माह्यासंगं बी बोलला नव्हता. मले त्याच्याविषयी पह्यल्यांदा बरं वाटलं.

बाबाचा हात ताटातच थांबला. त्याइनं दारातून आंगनात पाह्यलं, गाडीकडं. तोंडावर असं काही आलं का मले वाटलं, झालं, आता हो म्हनतात. माय वाढाची थांबली.

मंग बाबा हासले. "पाहा, जवाई किती भिडस्त मानूस हाय," ते म्हनले. "मनातलं बोलत नाही. पाय अजून अडून राह्यले असतीन त्याइचे." आन वैभवकडं वळून म्हनले, "उद्या मावल्याले जा. मिस्त्रीले सांग, आनखी चार बोटं मांगं घे म्हना."

"मी तेच म्हनत होती," माय म्हनली, आन तिनं जीवनच्या ताटात पोळी वाढली. तो "नको, नको" म्हनत दोन्ही हात आडवे करून राह्यला होता. तिनं हाताच्या वरून तूप बी ओतलं.

मी ताटावरून उठली. "बाबा! तो मानूस सरळ सांगून राह्यला, तुमाले ऐकू येत नाही काय? खरं सांगा, तुमाले गाडी चालवावशी वाटत नाही काय?"

"वाटते ना," बाबा म्हनले. अगदी साध्या आवाजात. "रोज वाटते. पन लोक म्हनतीन, नागोरावनं जवायाचं आसन मोडलं आन त्याच्यावर सोता जाऊन बसला."

जीवन ताटाकडं पाहत बसला. बाबाइनं हात धुतला, टोपी घातली, बाजाराची पिशवी घेतली. गाडीच्या बाजूनं गेले, तिच्याकडं न पाहता, आन रस्त्यावर जाऊन उभे राह्यले. ऑटो आला तो खचाखच भरून. बाबाले कोनी जागा देईना. शेवटी ड्रायव्हरनं आपल्या बाजूले अर्धी फळी मोकळी केली, आन माहे बाबा पाय पोटाशी घेऊन तठी बसले.